तंबू मुलींनाच लावू द्या

वाचनपाठ : मतलेख

वाचण्याआधी : सहलीला जाताना तुमची बॅग कोण भरतं? तुम्ही, की आई-बाबा? उत्तर मनात ठेवा आणि मग पुढे वाचा. या लेखातली सगळी मतं तुम्हाला पटलीच पाहिजेत असं नाही. जिथे पटणार नाही, तिथे पेन्सिलीने खूण करा.

* * *

मी न्यू जर्सीत राहते आणि गेली सहा वर्षं गर्ल स्काउट्सच्या एका गटाची लीडर आहे. या कामाला पगार नसतो. माझी मुलगी पहिलीत होती तेव्हा शाळेतून निरोप आला, "लीडर मिळाली नाही, तर गट सुरू होणार नाही." खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मी हात वर केला. मला तेव्हा तंबू लावता येत नव्हता, शेकोटी पेटवता येत नव्हती, धड दोराची गाठही मारता येत नव्हती.

आता हे सगळं येतं. पण या सहा वर्षांत मी जे खरं शिकले ते वेगळंच आहे. मुलींना धीट करायचं असेल, तर "तू हुशार आहेस, तुला काहीही जमेल" असं शंभर वेळा सांगून फारसं काही होत नाही. त्यांच्या हातात खरं काम द्यावं लागतं. त्या कामाचे निर्णय त्यांना घेऊ द्यावे लागतात. आणि काम बिघडायला लागलं, तर ते बिघडूही द्यावं लागतं. यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड आहे, आणि ते मुलींपेक्षा आपल्याला, म्हणजे मोठ्या माणसांना, जास्त अवघड जातं.

मला ते किती अवघड गेलं, तेच आधी सांगते.

पहिलं शिबिर

मुली सहावीत गेल्या, त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आमचं तंबूतलं पहिलं शिबिर ठरलं. दहा मुली, तीन मोठ्या बायका, एक रात्र. काय खायचं, कोणी कोणाबरोबर झोपायचं, भांडी कोणी घासायची, हे सगळं मुलींनी बैठकीत स्वतः ठरवलं. कामं वाटून देणारा एक तक्ता गर्ल स्काउट्समध्ये असतोच, त्याला केपर चार्ट म्हणतात. तोही त्यांनीच रंगवला.

तंबू लावायला त्यांना दोन तास लागले. मला वीस मिनिटं लागली असती. दोर सैल होते, खुंट्या कशाही ठोकल्या होत्या, एक तंबू तर दमून बसलेल्या म्हशीसारखा दिसत होता. मी एक शब्द बोलले नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मग रात्र झाली. मुली शेकोटीपाशी बसून स्मोर्स भाजत होत्या. (स्मोर्सची पाककृती १९२७ सालच्या गर्ल स्काउट्सच्या एका पुस्तकात छापलेली सापडते, हे त्यांना अभिमानाने सांगायला आवडतं.) तेवढ्यात मी टॉर्च आणि हातोडा घेऊन गेले आणि प्रत्येक तंबूची खुंटी काढून परत ठोकली. वारा आला तर? मध्यरात्री तंबू अंगावर पडला तर? मुली घाबरतील. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट मनात होती. सकाळी मुलींना न्यायला त्यांचे आईवडील येणार होते. त्यांना असे वाकडे तंबू दिसायला नकोत!

सकाळी माझी मुलगी तंबूबाहेर उभी होती. ती दोराच्या गाठीकडे बघत होती. तिची गाठ वेगळी होती, माझी वेगळी.

"आई, तू आमचा तंबू परत लावलास?"

"अगं, थोड्या खुंट्या सैल होत्या, म्हणून जरा..."

"मग आम्हाला कशाला लावायला सांगितलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. आदल्या दिवशी दुपारी तिने त्या तंबूसमोर उभं राहून माझ्याकडून चार फोटो काढून घेतले होते. घरी जाताना गाडीत ती तंबूबद्दल एक अक्षर बोलली नाही. मी तिचा तंबू नीट केला होता, पण तिचं काम तिच्याकडून काढून घेतलं होतं.

हा विचार नवा नाही

"मुलींनीच ठरवायचं, मुलींनीच करायचं" हे गर्ल स्काउट्सचं एक मुख्य सूत्र आहे. काही लोकांना ते अलीकडचं फॅड वाटतं. तसं नाही.

१९०९ साली लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर मुलग्यांच्या स्काउट चळवळीचा मोठा मेळावा होता. तिथे काही मुली स्वतःच गणवेश घालून हजर झाल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. "आम्हीही स्काउट आहोत," असं त्यांनी लॉर्ड बेडन-पॉवेल यांना सांगितलं. पुढच्याच वर्षी, १९१० साली, मुलींसाठी गर्ल गाइड्स ही वेगळी संघटना सुरू झाली. म्हणजे ही चळवळ मुलींना कोणी भेट म्हणून दिली नाही. त्या स्वतः जाऊन उभ्या राहिल्या.

अमेरिकेत हे काम ज्युलिएट गॉर्डन लो या बाईंनी सुरू केलं. १२ मार्च १९१२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना या गावात त्यांनी १८ मुलींचा पहिला गट जमवला. तेव्हा त्या ५१ वर्षांच्या होत्या. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. एका कानाचं दुखणं आधीपासून होतं. दुसऱ्या कानाची गोष्ट ऐकून आपल्या मराठी लोकांना नवल वाटेल. त्यांच्या लग्नात पाहुण्यांनी नवरा-नवरीवर तांदूळ उधळले, आपण अक्षता टाकतो तसेच, आणि त्यातला एक दाणा त्यांच्या कानात जाऊन अडकला. त्यामुळे तो कानही कायमचा अधू झाला.

त्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक बायकांना मत देण्याचा हक्कही नव्हता. तो देशभर मिळाला १९२० साली. त्याच्या आठ वर्षं आधी ज्युलिएट लो यांच्या गटातल्या मुली रानात चालत होत्या, तंबूत राहत होत्या, बास्केटबॉल खेळत होत्या. आमच्या गटातल्या मुलींना मी हे सांगितलं, तेव्हा एकजण म्हणाली, "म्हणजे त्यांना मत देता येत नव्हतं, पण शिबिरात काय करायचं ते ठरवता येत होतं?" मी म्हटलं, "हो, सुरुवात तिथून होते."

राजगड आणि मी

त्या रात्री मी टॉर्च घेऊन का गेले, याचा मी नंतर बराच विचार केला. त्याचं एक कारण पुण्यात आहे.

मी पुण्यात वाढले. माझा दादा अकरावीत असताना मित्रांबरोबर राजगडावर मुक्कामाला गेला. पद्मावतीच्या देवळात झोपला, पहाटे उठून बालेकिल्ला चढला आणि परत आल्यावर आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. दोन वर्षांनी माझ्या कॉलेजचा गट राजगडावर निघाला. आई म्हणाली, "मुक्कामाचं नको. दिवसाचं असेल तर जा." गट मुक्कामाचाच होता. मी गेले नाही.

माझी आई वाईट नव्हती. तिला काळजी होती, आणि "लोक काय म्हणतील" ही भीतीही होती. दादासाठी मात्र लोक काहीच म्हणणार नव्हते. शेवटी राजगड मी पाहिला तो वयाच्या ३४ व्या वर्षी, सुट्टीवर गेले असताना. बालेकिल्ल्याच्या उभ्या चढावर मी लोखंडी कठडा घट्ट धरून थांबले. माझे पाय थरथरत होते. माझ्या पुढे शाळेतल्या मुलींचा एक गट गप्पा मारत चढून गेला. मला आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं.

गंमत पुढे आहे. लीडरच्या प्रशिक्षणात मला कळलं की जगभरातल्या गाइड आणि स्काउट मुलींसाठी पाच जागतिक केंद्रं आहेत. त्यातलं एक स्वित्झर्लंडमध्ये, एक मेक्सिकोत, एक लंडनमध्ये आहे. कुसाफिरी नावाचं केंद्र आफ्रिकेत आहे. आणि एक आहे चक्क पुण्यात! त्याचं नाव 'संगम'. ते १९६६ साली सुरू झालं आणि ते आळंदी रस्त्यावर आहे. म्हणजे माझ्या लहानपणी दूरदूरच्या देशांतल्या मुली पुण्यात येऊन राहत होत्या, आणि मला पुण्यातून राजगडापर्यंत जायची परवानगी नव्हती.

आपल्या घरांत मुलींवर प्रेम कमी नाही. पण ते प्रेम फार वेळा "राहू दे, मी करते" अशा शब्दांत बाहेर पडतं. बॅग मी भरते. फोन मी करते. शिक्षकांशी मी बोलते. डॉक्टरांनी मुलीला प्रश्न विचारला, तर उत्तर आई देते. मीही तेच करते. परदेशात तर हे जरा जास्तच होतं, कारण इथे आजूबाजूला आजी, काका, आत्या नसतात. सगळी काळजी दोघांच्याच डोक्यावर असते, म्हणून आपण मुलांना अजून घट्ट धरतो.

टेबलामागची मुलगी

धीटपणा कसा येतो, हे मला पहिल्यांदा तंबूत दिसलं नाही. ते दिसलं किराणा दुकानाच्या दारात.

गर्ल स्काउट्सच्या कुकीज तुम्ही पाहिल्या असतील. अमेरिकेत राहत असाल तर नक्की खाल्ल्याही असतील. १९१७ साली ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावातल्या एका गटाने शाळेत कुकीज विकल्या, तेव्हापासून ही पद्धत सुरू झाली. आजही हिवाळ्यात मुली दुकानांबाहेर टेबल मांडून कुकीज विकतात. प्रत्येक डब्यामागे थोडे पैसे गटाला मिळतात. त्या पैशांचं काय करायचं, हे मुली मत देऊन ठरवतात.

आमच्या गटात एक फार अबोल मुलगी आहे. चौथीत असताना ती पहिल्यांदा टेबलामागे उभी राहिली. पहिला तास ती फक्त डबे सरळ करत होती. तिची आई शेजारी उभी होती, आणि कोणी आलं की आईच बोलायची. मी त्यांना म्हटलं, "ताई, चला, आपण दोघी समोरून कॉफी घेऊन येऊ." त्यांना ते आवडलं नाही, पण त्या आल्या. टेबलापाशी दुसरी लीडर होतीच.

आम्ही काचेतून बघत होतो. एक आजोबा आले. मुलगी काहीतरी बोलली. त्यांना ऐकू गेलं नसावं, कारण ते कान पुढे करून वाकले. ती परत बोलली. त्यांनी मान हलवून "नको" म्हटलं आणि ते निघून गेले. तिची आई लगेच उठायला लागली. मी त्यांचा हात धरला. मग एक बाई आल्या, त्यांनीही नको म्हटलं. तिसऱ्या माणसानेही तेच. चौथ्याने दोन डबे घेतले.

आम्ही परत गेलो तेव्हा ती मुलगी म्हणाली, "आई, लोक नको म्हणतात, पण ते रागावत नाहीत."

हे वाक्य कोणत्याही भाषणात तिला शिकवता आलं नसतं. "नको" ऐकून काही बिघडत नाही, हे तिला तीन वेळा "नको" ऐकूनच कळलं. आपण म्हणतो ना, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. इथे घाव अगदी छोटे होते. पण ते तिचे स्वतःचे होते.

दुसरं शिबिर

आता मे महिन्यातल्या शिबिराची गोष्ट. मुली सातवीत. कुकीजच्या पैशांतून शिबिर करायचं, हे त्यांनीच ठरवलं. निघायच्या आधी मी माझ्या मुलीला म्हटलं, "या वेळी मी हातोड्याला हात लावणार नाही." ती म्हणाली, "प्रॉमिस?" मी प्रॉमिस केलं.

परीक्षा लगेच सुरू झाली. जेवणात टाको होते. राजम्याचे मोठे डबे आणले होते, पण डबे उघडायचं ओपनर कोणीच आणलं नव्हतं. ते यादीतच नव्हतं. माझ्या गाडीत एक ओपनर होतं. मला ते माहीत होतं. मी गप्प बसले. उपाशी कोणी राहणार नव्हतं. पोळ्यांसारखे टॉर्टिया होते, चीज होतं, काकडी-टोमॅटो होते, फळं होती. मुली आधी एकमेकींवर चिडल्या, मग हसल्या, मग राजम्याशिवाय जेवल्या. त्यांच्या पुढच्या यादीत सगळ्यांत वर 'ओपनर' लिहिलंय आणि त्याखाली तीन रेघा आहेत. मी ओपनर आणून दिलं असतं, तर त्या रेघा कधीच आल्या नसत्या.

संध्याकाळी ढग आले. आठच्या सुमाराला लांब गडगडलं. एक मुलगी म्हणाली, "आपण मत घेऊया का? इथेच थांबायचं की आत जायचं?"

मी म्हटलं, "नाही. यावर मत नाही. सगळ्याजणी आत्ता इमारतीत."

हे मुद्दाम सांगते आहे. मुलींनी नेतृत्व करायचं, याचा अर्थ मोठ्यांनी झोपायचं असा नाही. मेघगर्जना ऐकू आली की पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटची गर्जना ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, हा नियम आहे. वीज कोणाचं मत विचारून पडत नाही.

आम्ही परत आलो तेव्हा पाचातला एक तंबू आडवा झाला होता. तीन मुलींच्या झोपायच्या पिशव्या ओल्या झाल्या होत्या. एक मुलगी रडायला लागली, "मला घरी जायचंय." मी फोन काढणार होते. पण ती टेबलामागची अबोल मुलगी पुढे झाली. त्या दिवशी केपर चार्टवर प्रमुख म्हणून तिचं नाव होतं. तिने विचारलं, "तुला घरी जायचंय की तुला थंडी वाजतेय?"

रडणारी मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "थंडी वाजतेय."

कोणीतरी कोरडे मोजे दिले, कोणीतरी जॅकेट दिलं. मुलींनी उभ्या उभ्याच बैठक घेतली आणि ठरवलं की आज सगळ्यांनी इमारतीत जमिनीवर झोपायचं, म्हणजे तिघींना वेगळं वाटणार नाही. मला हे सुचलं नसतं. मी तिघींना आत पाठवलं असतं आणि बाकीच्यांना तंबूत.

सकाळी मी परत नुसती बघत बसले. मुलींनी पडलेला तंबू आणि उभे राहिलेले तंबू शेजारी शेजारी ठेवून बघावेत तसे तपासले. अर्ध्या तासाने त्यांना कारण सापडलं. पडलेल्या तंबूच्या खुंट्या सरळ खाली ठोकल्या होत्या. उभ्या तंबूंच्या खुंट्या बाहेरच्या बाजूला झुकलेल्या होत्या, म्हणून दोराचा ताण त्यांनी धरून ठेवला. मी हे त्यांना दोन मिनिटांत सांगू शकले असते. त्या ते दोन मिनिटांत विसरल्याही असत्या.

त्या दिवशी गाडीत माझी मुलगी घरापर्यंत खुंट्यांबद्दल बोलत होती. मला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही.

लोक काय म्हणतात

मला पालक तीन प्रश्न नेहमी विचारतात. तिन्ही प्रश्न बरोबर आहेत.

पहिला प्रश्न सुरक्षिततेचा. त्यासाठी नियम आहेत आणि मी ते काटेकोरपणे पाळते. मुलींबरोबर किमान दोन मोठी माणसं असतात, आणि ती एकमेकांची नातेवाईक नसतात. प्रथमोपचार येणारं कोणीतरी असतं. कोणतीही मुलगी एकटी कुठे जात नाही, नेहमी जोडीने जाते. न्यू जर्सीच्या रानात काळी अस्वलं आहेत, म्हणून तंबूत खायचं काही ठेवत नाही. गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होऊ शकतो, म्हणून संध्याकाळी सगळ्याजणी हात, पाय, मान, केस तपासतात. या गोष्टींवर मत घेत नाही. जेवण, पैसे, खेळ, तंबू, कामाची वाटणी या गोष्टी मुलींच्या. दोन वेगळ्या याद्या करायच्या आणि मोठ्यांनी आपली यादी सोडून दुसरीत हात घालायचा नाही. मी पहिल्या शिबिरात तोच घातला होता.

दुसरा प्रश्न अभ्यासाचा. "याचा कॉलेजला उपयोग होईल का?" होईलही. मोठ्या मुलींना गोल्ड अवॉर्ड मिळवता येतं, त्यासाठी साधारण ८० तास काम करून समाजातला एखादा प्रश्न सोडवायचा असतो. पण फक्त अर्जात लिहिण्यासाठी केलं, की काम हळूहळू आईबाबांकडे जातं. मी अशी पोस्टरं पाहिली आहेत, ज्यांवरचं अक्षर स्पष्टपणे चाळिशीतलं होतं.

तिसरा प्रश्न, "फक्त मुलीच का? जगात तर मुलगे-मुली एकत्रच असतात." हा प्रश्न मलाही पडतो. २०१९ पासून इथे मुलींना आधी फक्त मुलग्यांसाठी असलेल्या स्काउट संघटनेतही जाता येतं, आणि तिथे गेलेल्या काही मुली फार छान काम करतात. ज्यांना तिथे आवडतं, त्यांनी तिथे जावं. पण मी काही एकत्र सहलींमध्ये मदत केली आहे आणि तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. हातोडा दिसला की तो मुलगा उचलतो आणि मुलगी पिशवी धरून उभी राहते. कोणी तसं सांगत नाही, तरी होतं. फक्त मुलींच्या गटात ही सोय नसते. हातोडा कोणीतरी उचलायलाच लागतो. एकदा हातात बसला, की मग ती मुलगी कुठल्याही गटात तो सोडत नाही.

आणि नेतृत्व म्हणजे मोठ्याने बोलणं, असंही नाही. आमच्या गटात त्या रात्री सगळ्यांत चांगला निर्णय सगळ्यांत कमी बोलणाऱ्या मुलीने घेतला. तिने फक्त एक नीट प्रश्न विचारला.

माझी विनंती

मुलींनो, तुम्ही गर्ल स्काउट असा, गर्ल गाइड असा, ढोल-ताशा पथकात असा किंवा मराठी शाळेच्या नाटकात असा. तुमच्या गटात "मुलीच सगळं करतात" असं कोणी म्हटलं, तर एक प्रश्न विचारा : "चुकलं तर निस्तरणार कोण?" उत्तर "मोठी माणसं" असेल, तर ते काम अजून तुमचं झालेलं नाही. ते मागून घ्या. क्रिस्टल पॅलेसला गेलेल्या मुलींनीही मागूनच घेतलं होतं.

मुलग्यांनो, तुमच्या बहिणीला मुक्कामाच्या सहलीला जाऊ देत नसतील आणि तुम्हाला देत असतील, तर घरी तुम्हीही बोला. माझा दादा तेव्हा बोलला असता, तर कदाचित मी राजगड सोळा-सतरा वर्षं आधी पाहिला असता.

आणि आईबाबांनो, हा लेख मुलं तुम्हाला वाचून दाखवत असतील, तर तुमच्यासाठी एकच सांगते. पुढच्या सहलीची बॅग मुलीला भरू द्या. ती काहीतरी विसरेल. ते तुम्हाला आधीच दिसेल. तरी गप्प बसा. फार कठीण आहे, मला माहीत आहे. माझ्या गाडीत अजूनही ओपनर आहे.

* * *

शब्दांशी ओळख

खुंटी : तंबूचा दोर बांधण्यासाठी जमिनीत ठोकायचा टोकदार तुकडा
मुक्काम : रात्रभर एखाद्या ठिकाणी राहणं
अबोल : कमी बोलणारा, कमी बोलणारी
अधू : नीट काम न करणारा (अवयव)
निस्तरणं : बिघडलेलं काम मार्गी लावणं
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही : दगडाला छिन्नीचे घाव बसतात तेव्हा मूर्ती होते, कष्ट आणि त्रास सोसल्यावरच माणूस मोठा होतो

विचार करा आणि लिहा

१. पहिल्या शिबिरात लेखिकेने रात्री खुंट्या परत ठोकल्या. तिची कोणती दोन कारणं तिने सांगितली आहेत? तुम्हाला त्यातलं कोणतं पटतं?

२. ओपनर गाडीत असूनही लेखिका गप्प बसली. हे बरोबर होतं का? चार-पाच वाक्यांत तुमचं मत लिहा.

३. "तुला घरी जायचंय की तुला थंडी वाजतेय?" या प्रश्नामुळे काय बदललं?

४. मोठ्यांची यादी आणि मुलांची यादी अशा दोन याद्या तुमच्या पुढच्या सहलीसाठी करा. त्या घरी दाखवा. कोणत्या गोष्टीवर वाद झाला, ते वर्गात सांगा.

५. तुमच्या आईला, आजीला किंवा आत्याला विचारा : "तुला कुठे जायचं होतं, पण जाऊ दिलं नाही?" त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.